इंग्रजी चांगलं, तरी मेल ‘गोल गोल’ का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा. लातूर जिल्ह्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक इंजिनिअर सध्या चाकणच्या एका कंपनीत जर्मन आणि जपानी ग्राहकांचं काम बघतो. इंग्रजीत व्याकरणाच्या चुका फारशा होत नाहीत, तरी ‘मुद्द्यावर ये’ हा शेरा त्याला सारखा मिळतो. कॉलवर तो बहुतेक वेळ गप्प असतो. जर्मनीतल्या मास्टर्ससाठी लिहिलेलं निवेदन सल्लागाराने ‘फार भावनिक’ म्हणून परत पाठवलं. कॅन्टीनमध्ये त्याच्या बोलीवरून थट्टा होते, हेही त्याने जाता जाता लिहिलंय. त्याचा सवाल आहे की दोष इंग्रजीचा, मराठी माध्यमाचा, की मुळात आपल्या संस्कृतीतच आडून बोलणं आहे? सोबत त्याने आपला एक मेल जोडला आहे.

उत्तर आधीच देते. तुमचं इंग्रजीत अडलेलं नाही आणि मराठी मनातही नाही. अडलंय ते क्रमात. कुठली गोष्ट आधी सांगायची, कुठली वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडायची, हे तुम्ही शाळेत, घरात आणि तहसील कचेरीच्या खिडकीवर शिकलात. जर्मनीत स्टुटगार्टमध्ये बसलेला माणूस ते दुसरीकडे शिकला. याला संस्कृती म्हणायचं तर म्हणा, पण ती सरावाने अंगवळणी पडलेली आहे आणि ठिकाण बघून बदलता येते. मी बरीच वर्षं जर्मनमधून भाषांतरं केली, आता पुण्यातल्या कंपन्यांमध्ये इंजिनिअर मंडळींना कामाचं लेखन शिकवते. ‘आम्ही मराठी माध्यमाचे ना, मॅडम’ हे दर बॅचला ऐकते. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचे मेलही असेच असतात, एवढंच त्यावर सांगेन.

तुमचा मेल मराठीत करून इथे देते. भाषा आपली झाली की नुसता सांगाडा दिसतो.

‘विषय : टेस्टिंगबाबत. आदरणीय सर, आपण कुशल असाल अशी आशा आहे. मागच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे आम्ही टेस्टिंग सुरू केलं. सोमवारी सर्व्हर बंद होता. मंगळवारी आयटी विभागाकडे पाठपुरावा करून तो सुरू करून घेतला. त्यानंतर असं लक्षात आलं की, आपल्याकडून आलेल्या फाइलमध्ये काही नोंदींना तारखा नाहीत. आमचा एक सहकारीही सध्या रजेवर आहे. तरीसुद्धा आमचे पूर्ण प्रयत्न सुरू आहेत. तरी शक्य झाल्यास सुधारित फाइल पाठवावी, ही विनंती. त्यामुळे शुक्रवारचा रिपोर्ट थोडा पुढे जाऊ शकतो. तसदीबद्दल क्षमस्व.’

मराठीत वाचल्यावर काही खटकलं? मला तरी नाही. सरळ, सभ्य पत्र आहे. पण समोरच्याला यातून दोनच गोष्टी हव्या होत्या. त्याने काय करायचं आणि रिपोर्ट कधी मिळणार. दहा वाक्यांपैकी आठव्या आणि नवव्या वाक्यात त्या आल्या, आणि तिथेही ‘शक्य झाल्यास’ आणि ‘थोडा’. फोनवर मेलची पहिली दोन-तीन वाक्यं दिसतात. त्याने ती वाचली, टेस्टिंग सुरू आहे असं समजून मेल बंद केला. शुक्रवारी रिपोर्ट आला नाही तेव्हा तो चिडला, आणि तुम्हाला वाटलं, सांगितलं तर होतं की!

हा क्रम आला कुठून ते सांगते, कारण ‘आपल्याकडे आडूनच बोलतात’ असं म्हणून तो विषय संपत नाही. आठवा, आपण पहिलं औपचारिक लेखन कुठलं केलं? अर्ज. ‘मी खाली सही करणार, राहणार अमुक, तालुका तमुक, कारणे विनंती अर्ज सादर करतो की...’ मग परिस्थिती, मग कारणं, मग ती कारणं खरी असल्याचा निर्वाळा, आणि शेवटी तो बिजागरीसारखा शब्द: ‘तरी’. तरी मेहेरबान साहेबांनी दाखला देण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. मागणारा खाली, देणारा वर. मागण्याआधी आपण मागायला पात्र आहोत हे दाखवायचं. त्या नात्यात हा क्रम अगदी शहाणपणाचा आहे, कारण साहेब आधी कारण बघतो आणि मग सही करतो. तुमच्या मेलमधलं आठवं वाक्य परत बघा. ‘तरी शक्य झाल्यास.’ इंग्रजी शब्दांच्या आत तहसीलदाराला केलेला अर्ज बसलेला आहे.

पण त्याच अर्जात एक गोष्ट होती, ती तुम्ही मागेच सोडून आलात. अर्जाच्या माथ्यावर काय असतं? ‘विषय : रहिवासी दाखला मिळणेबाबत.’ मागणी पहिल्या ओळीत! ‘मिळणेबाबत’, ‘दुरुस्त करणेबाबत’, ‘मुदतवाढ देणेबाबत’. कारकुनाने खालचं काही वाचलं नाही तरी अर्ज कुठल्या टेबलावर जायचा हे त्याला कळतं. त्या भाषेला आपण खूप हसतो, पण विषयाची ओळ लिहिण्यात ती कुठल्याही कॉर्पोरेट शिकवणीच्या तोंडात मारेल. तुम्ही अर्जातली लांबण घेतली आणि विषयाच्या ओळीत नुसतं ‘टेस्टिंगबाबत’ लिहिलंत.

मोडी पत्रांमध्येही हीच सोय दिसते. वरती ठरावीक मायना, राजश्री अमुक गोसावी यांसी, नमस्कार, आशीर्वाद, आणि मग ‘विशेष’. वाचणाऱ्याची नजर थेट तिथे जायची, कामाचं तिथून सुरू. शेवटाला ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’. आता हे शेवटचं मात्र लक्षात ठेवा. त्याचा अर्थ असा की, उरलेलं तुम्ही समजून घ्या, ती तुमची जबाबदारी. लेखनाची तुलना करणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन हाइंड्स यांनी १९८७ साली नेमका हाच फरक मांडला. अर्थ पोचवण्याचा भार काही ठिकाणी लिहिणाऱ्यावर असतो, काही ठिकाणी वाचणाऱ्यावर. इंग्रजीत तो लिहिणाऱ्यावर जास्त, जपानीत वाचणाऱ्यावर जास्त, असं त्यांचं म्हणणं. आपल्या पत्रांची रीत दुसऱ्या बाजूला झुकणारी. सुज्ञ माणसाला सगळं फोडून सांगणं हा त्याचा अपमान, असं आपल्याकडे अजूनही वाटतं. तुमच्या मेलमधला ‘थोडा’ त्यातूनच आलाय. किती थोडा, ते समोरच्याने ओळखावं.

इथे एक इशारा देऊन ठेवते. तुमच्या कंपनीत कधी ना कधी ‘क्रॉस-कल्चरल’ प्रशिक्षण होईल आणि त्यात एक चित्र दाखवतील: इंग्रजी लिहिणारा सरळ बाणासारखा, पौर्वात्य माणूस आत आत फिरणाऱ्या चक्रासारखा. हे चित्र अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांचं, १९६६ सालचं. अमेरिकेत शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध बघून त्यांनी ते काढलं. परक्या भाषेत लिहिलेल्या शाळकरी निबंधावरून अख्ख्या समाजाच्या विचाराचा आकार कसा काय काढता येईल, ही शंका तेव्हापासून घेतली गेली आणि आपण फार ठासून बोललो हे पुढे कॅप्लन यांनीही कबूल केलं. चित्र मात्र स्लाइडवर जिवंत आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. उलट पुरावा हवा असेल तर जर्मनांकडेच बघा. बैठकीत ‘हे चुकीचं आहे’ असं तोंडावर सांगणारा जर्मन प्राध्यापक शोधनिबंध लिहायला बसला की पानभर आडवाटेला जाऊन परत येतो. मायकेल क्लाइन या ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञाने, तेही १९८७ सालीच, इंग्रजी आणि जर्मन विद्यापीठीय लेखनाची तुलना केली तेव्हा जर्मन मजकुरात विषयांतरं जास्त आढळली. तिथे तो दोष मानला जात नाही, विद्वत्तेची खूण असते. मी तसल्या निबंधांची भाषांतरं केली आहेत, मुख्य क्रियापदाची वाट बघता बघता चहा गार होतो. म्हणजे माणूस एकच, संस्कृती एकच. बैठकीत थेट आणि निबंधात वळणावळणाचा.

आपलंही तसंच आहे की! आडून बोलण्याचा गुण मराठीत असता तर पुणेरी पाट्या कुठून आल्या असत्या? ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ यापेक्षा थेट वाक्य कुठल्याही जर्मनाला सुचणार नाही. पण हीच पाटी लावणारे गृहस्थ मेहुण्याने हातउसने पैसे मागितले तर ‘नाही’ म्हणणार नाहीत. ‘बघू’ म्हणतील.

तर तुमचा मेल. मी तो असा लिहीन:

‘विषय : सुधारित फाइल बुधवारपर्यंत मिळणेबाबत, रिपोर्ट सोमवारी. नमस्कार. तुमच्या फाइलमधल्या १४ नोंदींना तारखा नाहीत, यादी सोबत आहे. त्या भरून फाइल बुधवारी दुपारपर्यंत पाठवाल का? तेव्हा मिळाली तर रिपोर्ट शुक्रवारऐवजी सोमवारी देतो. बाकी नोंदींचं टेस्टिंग पूर्ण झालं आहे.’

१४ हा आकडा माझा, तुम्ही खरा टाका. सर्व्हर, आयटी, रजेवरचा सहकारी सगळे गेले. ‘पण मग उशीर आमच्यामुळे झाला असं त्याला वाटेल ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. खरं सांगायचं तर सोमवारचा सर्व्हर हा त्याच्या दृष्टीने तुमच्या घरचा प्रश्न आहे. कारणं सांगितल्याने आपली बाजू भक्कम होते ही अर्जाची समजूत झाली. त्याला पुढचा आठवडा आखायचाय.

आता गंमत बघा. हाच मेल जपानमधल्या नागोयाच्या ग्राहकाला जसाच्या तसा पाठवू नका. तिथे कामाच्या मेलची सुरुवातच ‘ओसेवा नि नात्ते ओरिमास’ या ठरावीक वाक्याने होते. तुमच्यामुळे आमचं चाललंय, असा काहीसा भाव, आपल्या ‘स. न. वि. वि.’सारखाच मायना. तारीख चुकणार असेल तर दिलगिरी आधी, तारीख त्याच्या लगेच मागून. आणि जे कारण स्टुटगार्टला नकोय ते इथे हवंय, तेही सविस्तर. असं का झालं आणि परत होऊ नये म्हणून काय केलं, हे लिहिल्याशिवाय जपानी ग्राहक प्रकरण बंद करत नाही. म्हणून सर्व्हरची हकीकत त्यांच्यासाठी ठेवा, पण खाली, वेगळ्या परिच्छेदात, आणि ‘पाठपुरावा केला’ एवढ्यावर न थांबता नेमकं काय बदललं ते सांगून. मागच्या ‘बैठकीत ठरल्याप्रमाणे’ हे वाक्यही तिथे उपयोगी पडतं, कारण छोट्या गोष्टीही वेळोवेळी कळवत राहणं, विचारत राहणं ही त्यांच्या ऑफिसची शिस्तच आहे. ‘होरेन्सो’ हा शब्द तुम्ही कॉलवर ऐकला असेल.

आणि हे असं क्रम बदलून लिहिणं तुम्हाला जमेल का, अशी शंका असेल तर तुमच्याच शॉप फ्लोअरवर बघा. ग्राहकाची तक्रार आली की तुम्ही ८डी रिपोर्ट, म्हणजे तो आठ पायऱ्यांचा तक्ता, भरता ना? त्यात तिसऱ्या पायरीवर तात्पुरता बंदोबस्त आणि मूळ कारण चौथ्यावर. कारण आधी सांगण्याची तुमची सवय तो तक्ता मोडून काढतो आणि तुम्ही मुकाट्याने भरता. त्यासाठी कुणाला आपली संस्कृती बदलावी लागली नाही. तक्ता ठरलेला होता, बस.

आता थोडं बोलण्याविषयी, कारण ‘उद्धट वाटतो’ अशीही एक तक्रार तुमच्या पत्रात ओझरती आहे, आणि ‘लांबट’ आणि ‘उद्धट’ ही दोन्ही लेबलं एकाच माणसाला लागतात हे मी नेहमी बघते. मराठीत नम्रता बहुतेक क्रियापदात आणि हाक मारण्यात असते. ‘फाइल पाठवता का’, ‘पाठवाल?’, ‘पाठव की रे’, ‘दादा, तेवढी फाइल टाका ना’. यात ‘कृपया’ कुठेच नाही, तो शब्द आपण रेल्वेच्या घोषणेसाठी आणि पाटीसाठी ठेवलाय. इंग्रजीत आलं की ‘अहो’ गेलं, ‘ना’ गेलं, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ एक झाले. हातात उरलं नुसतं ‘फाइल पाठव’. लेखी मेलमध्ये ही पोकळी भरायला आपण कचेरीतलं ‘काइंडली’ घेतो, बोलताना तेही सुचत नाही. म्हणून लेखन लांबट आणि बोलणं तोडून टाकणारं.

स्वरावरूनही असंच होतं. याचा एक दाखला भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९७०च्या दशकात लंडनच्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढपाचं काम करत. मांसाचा पदार्थ घेणाऱ्याला त्या विचारायच्या, ‘ग्रेव्ही’. ताटात ग्रेव्ही हवी का, एवढंच. इंग्रज बायका तो शब्द प्रश्नासारखा वर चढवून म्हणत. या बायका स्वर खाली उतरवत, जो त्यांच्या भाषांमध्ये विचारण्याचा साधा सूर होता. इंग्रज कानाला तो ‘ही घे ग्रेव्ही’ असा फेकल्यासारखा वाटे. पर्यवेक्षकांचं मत झालं की या बायका उर्मट आहेत. बायकांना वाटे, आपल्याला वेगळी वागणूक मिळते. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी ध्वनिमुद्रणं करून दोघांनाही ऐकवली तेव्हा कुठे उलगडा झाला. एक शब्द, तोही बरोबर उच्चारलेला! म्हणून मी बॅचमध्ये व्याकरणाआधी रेकॉर्डिंग ऐकवते. तुम्हीही तुमच्या एखाद्या कॉलचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर ऐका. प्रश्न विचारताना वाक्य कुठे संपतंय, ते बघा. जर्मन ग्राहकाशी बोलताना फार विनवण्याही नकोत. त्यांच्याकडे ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे आपले ‘तुम्ही’ आणि ‘तू’ आहेत, आणि एका ‘बिटं’वर, म्हणजे ‘कृपया’वर, भागतं. जपानीत नम्रता आपल्यासारखीच क्रियापदात असते, किंबहुना आपल्यापेक्षा जास्त थरांची. क्रियापदही शेवटी येतं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेली मराठी मुलं त्यामुळे वाक्यरचनेला घाबरत नाहीत, कांजी या चित्रलिपीला घाबरतात.

सगळ्यात महाग पडणारं वाक्य मात्र वेगळंच आहे. ‘हो, प्रयत्न करतो.’

आपल्याकडे हे ऐकणाऱ्याला कळतं की काम कठीण आहे, जास्त ताणू नये. ‘बघू’, ‘बघतो’, ‘होऊन जाईल’ यांच्या छटा लहान मुलालाही कळतात. वडील ‘बघू’ म्हणाले की सहल रद्द. जपान्यांकडे याचं भावंड आहे, ‘केंतो शिमास’, म्हणजे विचार करतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ नाही असा. जपानी ग्राहक आणि तुम्ही एकमेकांचं ‘बघू’ बरोबर ओळखाल. जर्मन ‘हो’ एवढंच लिहून घेतो. तुमच्या ‘प्रयत्न करतो’मधला नकार त्याला ऐकूच येत नाही.

कठीण क्षणी माणूस सौम्य बोलायला लागतो, आणि त्याची किंमत केवढी असू शकते, ते विमानवाहतुकीने पाहिलंय. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यू यॉर्कला आलेलं आव्हियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान खराब हवेमुळे तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत ठेवलं गेलं. इंधन संपत आलं. कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणीबाणी आहे असं कळव. सहवैमानिकाने नियंत्रकाला इंधन कमी होत असल्याचं सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द काही उच्चारला नाही. गर्दीच्या त्या रात्री नियंत्रकाला त्यात निकड दिसली नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. त्यात इंग्रजी किती, हुद्द्यांचा धाक किती आणि थकवा किती, यावर अजून लिहिलं जातं. मला त्याचा उपाय जास्त महत्त्वाचा वाटतो. वैमानिकांना कुणी ‘धीट व्हा’ असं शिकवत बसलं नाही. शब्द ठरवून दिले: ‘मिनिमम फ्युएल’ म्हटलं की आता उशीर चालणार नाही, ‘मेडे फ्युएल’ म्हटलं की आणीबाणी. स्वभाव भिडस्त असो की आक्रमक, शब्द एकच.

तुमच्यासाठीही मी तसंच करेन. तुमचे शब्द ठरवा. ‘प्रयत्न करतो’ कामातून काढून टाका. त्याऐवजी तीनच उत्तरं ठेवा. होईल, या तारखेला. होईल, पण अमुक मिळालं तर. या तारखेला होणार नाही, त्या तारखेला होईल. तिसरं उत्तर पहिल्यांदा देताना पोटात गोळा येतो. ग्राहक मात्र शांतपणे ‘ओके’ म्हणतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो, असाच माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

आता निवेदन. ते मी वाचलेलं नाही, पण सल्लागाराचा शेरा आणि तुम्ही लिहिलेली पहिली ओळ, ‘लहानपणापासूनच मला यंत्रांचं आकर्षण होतं’, यावरून बाकीचं डोळ्यांसमोर येतं. सुविचार, मग बालपण, वडिलांचे कष्ट, गुरुजनांचं मार्गदर्शन, शेवटी देशासाठी काहीतरी करण्याची इच्छा. हा आपल्या शाळेतला निबंध आहे आणि त्या निबंधाला आपल्याला गुण मिळालेत, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. वडिलांचे कष्ट खोटे नाहीत, पण जर्मन विद्यापीठातली समिती ते मोजत नाही. तिला कळायला हवं की तुम्ही त्यांचा अभ्यासक्रम वाचलाय का, पदवीला शिकलेल्या कुठल्या विषयांवर त्यांचे कुठले विषय उभे राहतात, आणि हेच विद्यापीठ का. त्यांची मॉड्यूलची पुस्तिका संकेतस्थळावर असते. ती उघडा, दोन-तीन विषय निवडा आणि तिथून सुरुवात करा. हे जर्मनीचं. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी तुमची व्यक्तिगत गोष्ट चालते, नव्हे मागतात. ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या ‘यूकास’ या संस्थेने २०२६च्या प्रवेशापासून सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं मागायला सुरुवात केली. इंग्रजांची संस्कृती काही त्या वर्षी बदलली नाही, फॉर्म बदलला.

निवेदनात तुमची खरी अडचण दुसरीच असेल, असा माझा अंदाज आहे. ‘आमच्या ग्रुपने पाण्याच्या टाकीसाठी सेन्सरवर आधारित यंत्रणा विकसित केली’ असं लिहिलं असणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘यंत्रणा विकसित करण्यात आली’. एक तर स्वतःची टिमकी वाजवू नये हे घरचे संस्कार, त्यात शासन निर्णयातलं ‘करण्यात येत आहे’ कानात बसलेलं. समितीला त्यात तुम्ही सापडत नाही. फुशारकी न मारताही ‘मी’ लिहिता येतं, मोजता येणारी कामं सांगून: ‘चौघांच्या गटात सेन्सरचं कॅलिब्रेशन माझ्याकडे होतं. टाकी अर्धी असताना वाचन चुकायचं, त्याचं कारण पाण्यावरचा फेस आहे हे मी शोधलं आणि सेन्सरची जागा बदलली.’ यात आत्मस्तुतीचा एक शब्द नाही. आणि हो, इंटरनेटवरचे नमुने वाचा पण वाक्यं उचलू नका. गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की शाबासकी देणाऱ्या शाळांमधून आपण आलोय; तिथे त्याच गोष्टीसाठी प्रवेश रद्द होऊ शकतो.

उलट दिशेनेही एक शब्द, कारण हे सगळं शिकलेली मंडळी घरी गोंधळ घालतात. गावच्या ग्रामसेवकाला ‘खालील कागद गुरुवारपर्यंत पाठवा’ असा व्हॉट्सअॅप केलात तर तो कागद दिवाळीनंतर मिळेल. काकूंना ‘रविवारी ५ला येतो, पत्ता पाठवा’ एवढंच लिहू नका, तब्येत विचारा. तिथे लांबण हेच काम आहे.

राहता राहिलं कॉलवरचं गप्प बसणं. तुम्ही ते संस्कृतीच्या खात्यावर टाकलंय, वडीलधाऱ्यांसमोर बोलू नये वगैरे. थोडं असेलही. पण तुमच्याच पत्रात आहे की कॅन्टीनमध्ये ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हणालात की टेबल हसतं. तिथे तर सगळे मराठीच बोलतायत! पुण्याच्या मराठीपुढे गप्प बसण्याची सवय लागली की तीच इंग्रजी कॉलवर जाते, त्याला जर्मनांचा दोष नाही आणि लातूरचाही नाही. ‘कामून’ म्हणणं बंद करू नका. हसणाऱ्यांना दोन-चारदा हसू द्या, मग त्यांना कंटाळा येतो.

कॉलसाठी मात्र एक काम याच आठवड्यात करून बघा. आदल्या दिवशी मॅनेजरला तीन ओळींचा मेल पाठवा. उद्या मी अमुक मुद्दा मांडणार आहे, त्यासाठी मला दोन मिनिटं द्या, आकडे सोबत जोडलेत. जपानी ऑफिसात बैठकीआधी असं एकेकाला सांगून ठेवण्याची पद्धतच आहे, ‘नेमावाशी’ म्हणतात, आणि तुमच्या जपानी ग्राहकाला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. जर्मनांच्या कॉलला तो मुद्दा विषयपत्रिकेवर नावासकट लिहून घ्या. विषयपत्रिकेवर असलेला मुद्दा ते सहसा सोडत नाहीत, तुमची पाळी आली की स्वतःच विचारतील. पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवा, तारखेसकट, आणि तेवढं वाचून दाखवलंत तरी चालेल. नवीन निवेदन झालं की पाठवा. पहिलं पान आधी बघू, बालपण वगळून.